पंडिता रमाबाई : दयाळू देवाचा शोध

एकोणिसाव्या शतकात ज्या मोजक्या भारतीय स्त्रियांनी स्वतःच्या बुद्धीने आपले आयुष्य घडविले, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शाळा काढणाऱ्या आणि दुष्काळात शेकडो मुलींचे प्राण वाचविणाऱ्या समाजसेविका म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. मात्र या साऱ्या कार्याच्या मुळाशी एक प्रश्न होता आणि तो त्यांना तरुणपणापासून अस्वस्थ करीत होता. देव आहे, तर तो कसा आहे? विधवेकडे, अनाथाकडे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रीकडे तो कोणत्या दृष्टीने पाहतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान होते. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात, हे त्यांना कळले होते. तेव्हापासून स्त्रीनेही शास्त्रे वाचावीत, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रांतील आधार दाखवूनच त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे लक्ष्मीबाईंनी भल्या पहाटे उठून लहानग्या रमेला श्लोक शिकविले. बाराव्या वर्षाच्या सुमारास रमेला हजारो श्लोक मुखोद्गत होते.

आश्रमातील अतिथिसत्कारात आणि दानधर्मात अनंतशास्त्रींची संपत्ती संपली. हे कुटुंब मग तीर्थयात्रेला निघाले ते परतलेच नाही. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, लोक देतील त्या धान्यावर निर्वाह करावा, त्यातूनही दान करावे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. ज्या तीर्थात स्नान केल्याने पुण्य लाभते असे सांगितले होते, त्यांत त्यांनी स्नाने केली. जे उपवास सांगितले होते, ते केले.

त्यानंतर दक्षिणेतील दुष्काळ आला. जवळचे पैसे व भांडी संपली. विद्वान ब्राह्मणाने मोलमजुरी कशी करावी आणि भीक तरी कशी मागावी, या संकोचाने कुटुंब उपाशी राहिले. कित्येक दिवस रानातील पाने आणि पाणी यांवर काढावे लागले. थकलेले, दृष्टी अधू झालेले अनंतशास्त्री १८७४ मध्ये वारले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि तिला देवाच्या हाती सोपवून, आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असे सांगितले. थोड्याच काळात आई गेली. तिचा देह उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे आले. रमाबाई ठेंगण्या होत्या. तिरडी खांद्यावर घेतली तर तोल जाईना. म्हणून त्यांनी आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला. काही महिन्यांत थोरली बहीणही गेली.

उरले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी देशभर पायी भ्रमंती केली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. सांगितलेले सारे आचार पाळूनही दैव पालटले नाही, तेव्हा दोघांचीही जुनी श्रद्धा हळूहळू ढळली.

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्याला पोहोचली. वीस वर्षांची एक तरुणी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. येथेच एका ख्रिस्ती मेळाव्यास जाण्याचा प्रसंग आला. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेली पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असे भावंडांना वाटले! निघताना त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. रमाबाईंनी ती उघडून पाहिली. पण त्यातील भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृतापेक्षा इतकी निराळी होती की त्यांनी ती मिटून ठेवली. जिला हजारो श्लोक पाठ, तिलाही हा ग्रंथ कळू नये, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

कोलकात्यातील सुधारकांनी त्यांना स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने देण्यास सांगितले. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. इतर अनेक बाबतींत परस्परांशी न जुळणारे ग्रंथकार स्त्रीच्या हीनतेविषयी मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळले. स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, हे वाचून त्यांचे मन खचले. आपल्या परंपरेत या मताला छेद देणारे आवाजही होते. जनाबाई, बहिणाबाई यांनी विठ्ठलाला मायबाप म्हणूनच हाक मारली होती. परंतु रमाबाईंचा संस्कार शास्त्रग्रंथांचा होता आणि त्यांना उत्तर हवे होते ते ग्रंथातूनच.

१८८० मध्ये श्रीनिवास ढाक्याला मरण पावला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, म्हणून या विवाहाने मोठीच खळबळ उडाली. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. तेथे घरातील पुस्तकांत त्यांना बंगालीतील एक लहानसे पुस्तक सापडले. ते लूककृत शुभवर्तमान होते. हरवलेल्या एका मेंढरासाठी रानोमाळ फिरणारा मेंढपाळ, घर सोडून गेलेल्या मुलाला दुरून पाहताच धावत जाणारा बाप, एकुलत्या मुलाची तिरडी निघालेली पाहून विधवेसाठी कळवळणारा येशू, अशा अनेक कथा या शुभवर्तमानात आहेत. रमाबाईंचे कुतूहल जागे झाले. एका मिशनरीकडून त्या बायबलविषयी अधिक ऐकू लागल्या. पतीला मात्र ते रुचले नाही. पुढे काय झाले असते, हे सांगता येत नाही. कारण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचे निधन झाले. त्या वेळी मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील साक्ष ही सारी कामे १८८२ या एकाच वर्षातील होत. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानाच्या दोषामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही; परंतु याच देशात त्यांच्या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळाले.

वॉंटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या एका आश्रमात त्या राहत होत्या. हवापालटासाठी त्यांना लंडनमधील एका शाखेत पाठविण्यात आले. तेथील फुलहॅम भागात वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी भगिनी एक घर चालवीत. समाजाने ज्यांना पतित म्हणून ओवाळून टाकले होते, अशा काही स्त्रिया तेथे नवे आयुष्य जगत होत्या. इतकेच नव्हे, तर आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. रमाबाईंना हे दृश्य नवे होते. अशा स्त्रीला घराबाहेर काढावे, तिचे नावही घेऊ नये, हीच रीत त्यांनी सर्वत्र पाहिली होती. हे लोक या स्त्रियांची चिंता का वाहतात, असे त्यांनी आपल्या शिक्षिका असलेल्या भगिनीला विचारले. तिने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला.

ती कथा अशी आहे. येशू प्रवासाने थकून भर दुपारी एका विहिरीजवळ बसला आहे. शोमरोन प्रांतातील एक स्त्री एकटीच घागर घेऊन येते. येशू यहुदी आहे आणि यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नाहीत. तरीही तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. बोलता बोलता कळते, की या अनोळखी पुरुषाला तिचे सारे आयुष्य ठाऊक आहे. तिचे पाच विवाह झाले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर ती राहते, तो तिचा पती नाही. तरीही तो तिचा धिक्कार करीत नाही. उलट, खरी उपासना कोणती, या गहन विषयावर तो तिच्याशी बोलतो. आमचे पूर्वज या डोंगरावर भक्ती करीत, तुम्ही यरुशलेम सांगता, मग खरे स्थान कोणते, असे ती विचारते. देव आत्मा आहे, त्याची उपासना अंतःकरणातून आणि खरेपणाने व्हावी, ती या डोंगराशी वा त्या नगराशी बांधलेली नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. ती घागर तेथेच टाकून गावात धावत जाते आणि लोकांना बोलावून आणते.

ही कथा रमाबाईंच्या वर्मी का लागली असावी, हे समजणे भारतीय वाचकाला अवघड नाही. पाणवठा कोणाचा, पाणी कोणाच्या हातचे घ्यावे, हे प्रश्न आपल्या समाजात काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरेही एक कारण दिसते. ज्या कुटुंबाने देवाच्या शोधात एकेक क्षेत्र, एकेक तीर्थ पायाखाली घातले आणि वाटेतच प्राण सोडले, त्या कुटुंबातील ही उरलेली मुलगी होती. देव स्थळात नाही, तो स्वतःच थकूनभागून विहिरीजवळ येऊन बसतो आणि ज्या स्त्रीशी कोणी बोलत नाही तिच्याकडे पाणी मागतो, हे तिने आजवर ऐकले नव्हते. येशू पाप्यांचा तिरस्कार करण्यासाठी नव्हे, तर त्यांना वाचविण्यासाठी आला, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे या पूर्वाश्रमीच्या ब्राह्मण धर्मोपदेशकाच्या पत्रांनी बुद्धीच्या शंकाही दूर होत गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या बातमीने संताप उसळला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार या पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू घेतली. इकडे इंग्लंडातील धर्मगुरूंनाही ही शिष्या सोपी गेली नाही. प्रत्येक सिद्धान्त बायबलमध्ये कोठे आहे, हे दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्या विचारीत. देव बदलला म्हणून देश बदलावा, हे त्यांना मान्य नव्हते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बोस्टन येथील मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे ठरविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथे मुलींनी आपापला धर्म पाळावा, असा नियम होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत; परंतु दार उघडे असे. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. दार लावून घ्यावे, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. केसरीने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. पालकांची भीती समजण्यासारखी होती; विश्वासाने पाठविलेल्या मुलींचा धर्म बदलेल, ही शंका पुढे काहींच्या बाबतीत खरीही ठरली. त्याच वर्षी सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या काळात रमाबाईंच्या अंतरंगातही उलथापालथ चालू होती. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही. नियम, सिद्धान्त आणि उपासनेच्या रीती आपण शिकलो. ज्या करुणेने फुलहॅममध्ये आपले मन हलले, तिच्यावर स्वतःसाठी कधी विसंबलोच नाही. दुसऱ्यांना सांगितलेला आधार स्वतःला घ्यावयाचा राहून गेला होता. पुढे देवाला बाप म्हणण्यात त्यांना जो विसावा मिळाला, त्याचे वर्णन त्यांनी आपल्या आत्मकथनपर साक्षीत केले आहे.

त्या विसाव्याची परीक्षा लवकरच झाली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. उपासमारीच्या वार्ता वाचून रमाबाईंना बावीस वर्षांपूर्वीची पाने, वाळू आणि आईची तिरडी आठवली. त्या स्वतः तेथे गेल्या. अनाथ मुली व तरुण विधवा यांना अन्नाच्या आमिषाने पळविणारे लोक त्यांनी पाहिले. शारदा सदनात जागा मर्यादित, पैसा मोजका. तरीही त्या मुलींना घेऊन आल्या आणि काही महिन्यांत त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेगची साथ पसरली होती; एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी आधीच काही जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर तंबू व छपरे उभी राहिली. पुढे तेथेच मुक्ती सदन आकाराला आले.

या पसाऱ्याला पुरेल असे निश्चित उत्पन्न कोठूनच नव्हते. रमाबाईंच्या धीराचा उगम येथे पाहावा लागतो. त्या ज्या ग्रंथावर विसंबत, त्यात देवाचा एक स्वभाव पुन्हा पुन्हा सांगितला आहे. तो अनाथांचा बाप आणि विधवांचा कैवारी आहे. मोशेच्या नियमशास्त्रात शेतातील विसरलेली पेंढी विधवा, अनाथ आणि परका यांच्यासाठी सोडावी, अशी आज्ञा आहे. वाळवंटात हाकलून दिलेल्या हागार या दासीची हाक तो ऐकतो. देव असा असेल, तर केडगावच्या माळावरील मुली त्याच्याच आहेत, असा रमाबाईंचा सरळ हिशोब होता. त्या प्रार्थना करीत, देणग्या येत. कधी अगदी अखेरच्या घडीला येत.

केवळ प्रार्थनेवर मात्र त्यांनी मुक्ती सदन चालविले नाही. येथे प्रत्येक मुलगी काही ना काही शिकत असे. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुभत्या जनावरांची निगा, शिवण, स्वयंपाक, छपाई, अध्यापन असे अनेक उद्योग होते. अंध स्त्रियांनाही वाचायला आणि काम करायला शिकविले जाई. मनोरमेने त्यासाठी ब्रेल लिपी आत्मसात केली होती. फुलहॅममध्ये पाहिलेल्या घरासारखे कृपा सदनही उभे राहिले. तेथे वाट चुकलेल्या, फसविल्या गेलेल्या स्त्रियांना आसरा मिळे. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर सदनातील एकूण संख्या दीड हजारावर गेली.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी एक वेगळेच काम अंगावर घेतले. कोलकात्यात आपल्याला बायबल कळले नव्हते, हे त्या विसरल्या नव्हत्या. प्रचलित मराठी भाषांतरही खेड्यातील स्त्रीला जड जाते, असे त्यांचे मत होते. ज्या स्त्रीला या ग्रंथातील देव सर्वांत आधी भेटायला हवा, तिलाच त्याची भाषा कळू नये, हे त्यांना सहन होईना. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास सुरू केला आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करावयास घेतले. संस्कृत पदवीने गौरविलेल्या पंडितेने जाणूनबुजून संस्कृतप्रचुर शब्द टाळले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले.

त्यातच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईचे सारे काम तिने पुढे चालवावे, अशी योजना होती. बालपणापासून एकेक माणूस गमावत आलेल्या रमाबाईंजवळ आता स्वतःचे असे कोणीच उरले नाही. त्यांची प्रकृती ढासळत होती, ऐकू येणे फार कमी झाले होते. तरीही भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मुक्ती सदनाच्या छापखान्यातच छापले गेले. त्याचे खिळे जुळविण्याचे काम ज्या हातांनी केले, ते दुष्काळातून आणि निराधार अवस्थेतून केडगावी आलेल्या स्त्रियांचे होते.